हॉल-लॉनच्या करारात वजन, वारा आणि विजेच्या मर्यादा कशा लिहायच्या

नाशिकमधल्या बहुतेक मंगल कार्यालयांच्या आणि लॉन्सच्या बुकिंग पावतीमागे दहा-बारा अटी छापलेल्या असतात. भिंतीला खिळे ठोकू नयेत, फटाके वाजवू नयेत, रात्री दहानंतर स्पीकर बंद, उरलेलं अन्न आवारात टाकू नये. बांधकामाशी संबंध असलेली अट एखादीच, आणि ती साधारण अशी: ‘इमारतीस धोका पोहोचेल असे जड सामान लावू नये.’ या वाक्याचा उपयोग ना मालकाला, ना यजमानाला. जड म्हणजे किती? ते कुणी ठरवायचं? एलईडी वॉलचा टेम्पो दारात उभा आहे, पाहुणे चार तासांवर आले आहेत, अशा वेळी ‘हे लावू नका’ म्हणायचा अधिकार कुणाला? पावती गप्प.

मर्यादेच्या प्रत्येक अटीत चार गोष्टी लागतात: आकडा, तो आकडा नेमक्या कोणत्या जागेला लागू आहे, तो कुणी काढून दिला, आणि तो ओलांडला जातोय असं दिसलं तर काम कोण थांबवणार. यातली एक जरी गळली तरी अट नुसती शोभेची राहते. पुढचं सगळं याच चार गोष्टी भरून काढण्यासाठी आहे. हॉल देणारा आणि घेणारा, दोघांनाही ते सारखंच उपयोगी पडेल.

पहिली पायरी: करार लिहिण्याआधी कागद काढा

मालकाने फाइलमधून चार कागद काढायचे: भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्र. ड्रॉइंगच्या टिपांमध्ये ‘लाइव्ह लोड’ (माणसं आणि सामान यांचा बदलता भार) किती धरला ते किलोन्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो. आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागानुसार मोकळ्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५, पक्क्या खुर्च्यांच्या सभागृहाला ४, स्टेजला ५, जिने आणि पॅसेजला ४, तर मेकअप रूमला फक्त २ किलोन्यूटन धरतात. म्हणजे एकाच इमारतीत भिंतीच्या अलीकडे चौरस मीटरला ५०० किलो चालतात आणि पलीकडच्या खोलीत २००. डेकोरेटरचं सामान उतरवून ठेवायला नेमकी ती मेकअप रूमच वापरली जाते.

सगळ्यात मोठी चूक होते ती टेरेसवर. जाण्यायेण्याजोग्या सपाट छताला याच मानकात १.५ किलोन्यूटन धरलेले असतात, म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलो. कपडे वाळत घालायला आणि कोजागरीला चार घरची माणसं बसायला ते पुरतं. त्याच छतावर हळद किंवा संगीत ठेवलं तर ती जागा सभागृह होते आणि गरज ५ वर जाते. छत तिपटीने कमी पडतं. ‘आमच्या टेरेसवर दोनशे माणसांचे कार्यक्रम होतात, कधी काही झालं नाही’ हा पुरावा नाही. आजवर सुरक्षिततेसाठी ठेवलेली राखीव ताकद खर्च होत होती, एवढाच त्याचा अर्थ. टेरेस समारंभासाठी द्यायचा असेल तर करारात छतासाठी वेगळा आकडा हवा, आणि त्यामागे इंजिनिअरचं पत्र हवं.

ड्रॉइंगवरचा आकडा जसाच्या तसा करारात उतरवू नका. इमारत झाल्यावर काय काय चढलं ते आधी वजा करा. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली असेल तर ५० मिलिमीटरचा मसाला आणि टाइल मिळून चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास जातात. छतावर बसवलेलं सोलर, वाढवलेली पाण्याची टाकी, फॉल्स सीलिंग, एसीचे डक्ट हे सगळं त्याच खात्यातून खर्च झालेलं असतं. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे संरचना तपासणी लागतेच. त्या अहवालाचा क्रमांक आणि तारीख करारात घाला. ड्रॉइंग हरवली असतील, आणि जुन्या कार्यालयांत ती बहुधा हरवलेलीच असतात, तर इंजिनिअरकडून बीम-स्लॅबची मापं आणि सळ्यांचं स्कॅनिंग करून घ्या. तोवर वरचे मजले फक्त बसून जेवणं आणि सभा यांसाठीच द्या.

दुसरी पायरी: फरशीवरचं वजन, पसरलेलं आणि टोचणारं

चौरस मीटरला ५०० किलो (चौरस फुटाला साधारण ४६ किलो) हा पसरलेल्या वजनाचा आकडा आहे. माणसांच्या गर्दीपुरता तो पुरेसा असतो. घोळ होतो तो छोट्या जागेवर बसणाऱ्या वजनाने, म्हणून करारात एका टेकूखालच्या वजनाची मर्यादा वेगळी लिहावी लागते.

स्टेजचंच घ्या. आठ बाय चार फुटांचा प्लॅटफॉर्म म्हणजे जवळपास ३ चौरस मीटर. त्यावर पूर्ण भार आणि त्याचं स्वतःचं वजन धरलं तर १,६०० किलो होतात. चार पायांवर वाटले तर पायाला ४०० किलो. पाय ५० मिलिमीटर चौकोनी पाइपचा आणि खाली काहीच नाही, तर २५ चौरस सेंटिमीटरवर ४०० किलो. टाइलखाली पोकळी असेल तिथे टाइल फुटणारच. प्रत्येक पायाखाली ३०० मिलिमीटर चौकोनी, १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर ठेवले की तोच भार छत्तीसपट जागेवर जातो. खर्च नगण्य, तरी मांडववाला ते आणत नाही, कारण कुणी मागितलेलंच नसतं.

केटररचं पाणी हा दुसरा ठरलेला प्रकार. ५०० लिटरची सिंटेक्सची टाकी साधारण ०.६ चौरस मीटरवर बसते. भरली की चौरस मीटरला ८०० किलोच्या वर. अशा दोन टाक्या पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये शेजारी-शेजारी लावल्या की पॅसेजची मर्यादा दुपटीने ओलांडली. आचारी दोषी नाही, त्याला नळाजवळची जागा हवी असते. टाक्या कुठे ठेवायच्या ते नकाशावर खुणेने दाखवा, म्हणजे वाद संपतो.

द्राक्ष आणि शेतीची प्रदर्शनं नाशिकला नवी नाहीत, म्हणून ट्रॅक्टरबद्दल जरा सविस्तर. ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो आणि त्यातलं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर असतं, म्हणजे एका चाकाखाली सहाशे-साडेसहाशे किलो. मागे रोटाव्हेटर जोडून तो उचलून धरला (आणि प्रदर्शनात तो उचलूनच दाखवतात) की पुढची चाकं हलकी होतात आणि मागचं चाक नऊशेच्या घरात जातं. त्यामुळे करारात ‘ट्रॅक्टर चालेल’ असं न लिहिता ‘अवजार जमिनीवर टेकवलेल्या स्थितीतच’ असं लिहा. गंमत अशी की ट्रॅक्टरचं रुंद रबरी टायर फरशीला तितकं छळत नाही. माल आत आणणाऱ्या हाताच्या पॅलेट ट्रकची बारीक नायलॉनची चाकं टाइल जास्त फोडतात. त्यांच्या वाटेवर ६ मिलिमीटरची लोखंडी शीट किंवा जाड प्लाय अंथरायला लावा.

खाली तळघर असेल तर वरचं अंगण जमीन नसून स्लॅब आहे, हे टेम्पोवाल्याला कळायला मार्ग नाही. कार पार्किंगच्या स्लॅबला मानकात २.५ किलोन्यूटनच धरलेले असतात. भरलेला आयशर सहा-सात टनांचा. स्लॅबची हद्द पिवळ्या पट्ट्याने रंगवा आणि करारात ‘पिवळ्या पट्ट्याच्या आत २.५ टनांवरील वाहन, जनरेटर व्हॅन व क्रेन नाही’ असं घाला. सेप्टिक टँकच्या झाकणालाही हाच नियम.

या सगळ्यावरून अट अशी उतरते:

‘तळमजल्यावरील मुख्य सभागृहात (नकाशा क्र. १ मधील निळा भाग) पसरलेला भार ५०० किलो प्रति चौ. मी. व एका टेकूखालील भार ४०० किलो यापेक्षा अधिक असणार नाही. प्रत्येक टेकूखाली किमान ३०० × ३०० मि.मी. बैठक असेल. सदर मर्यादा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परिशिष्ट ‘ब’ मधील पत्रानुसार आहेत. नकाशावर रंग नसलेल्या भागात कोणतेही साहित्य ठेवता येणार नाही.’

आकडे प्रत्येक इमारतीचे वेगळे येतील. साचा हाच ठेवा. काम कोण थांबवणार, ते सहाव्या पायरीत.

तिसरी पायरी: छताला लटकवायचं सामान

जास्तीत जास्त वाद इथे होतात आणि जिवावरचे अपघातही इथेच.

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये छताला ०.७५ किलोन्यूटनचा लाइव्ह लोड धरलेला असतो. त्यावरून कुणी हिशेब करतं, ‘चौरस मीटरला ७५ किलो, म्हणजे शंभर चौरस मीटरला साडेसात टन, मग आमचा साउंड सहज बसतो.’ हा हिशेब साफ चुकीचा आहे. ते ७५ किलो पत्र्यावर दुरुस्तीला चढणाऱ्या माणसांसाठी आणि तसल्या वरून येणाऱ्या भारांसाठी आहेत. खालून टांगण्यासाठी ते उसने घेता येत नाहीत. टांगण्यासाठी ड्रॉइंगवर वेगळा सेवाभार दाखवलेला असतो, चौरस मीटरला दहा ते पंचवीस किलो इतकाच, आणि त्यातला बराचसा दिवे, डक्ट, स्प्रिंकलरने आधीच खाल्लेला असतो. तोही पसरलेला. एका पर्लिनच्या (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या तुळईच्या) खालच्या पट्टीला पट्टा गुंडाळून दोनशे किलो टांगले की पातळ पत्र्याची पर्लिन पिळते. ती तुटत नाही, आडवी होते आणि मग सामान सोडते. टांगायचंच असेल तर मुख्य राफ्टरवर (पर्लिन पेलणाऱ्या मोठ्या तुळईवर), इंजिनिअरने ठरवलेल्या बिंदूंवर. त्या बिंदूंना रंग आणि क्रमांक द्या आणि प्रत्येकाची मर्यादा करारात लिहा.

‘छतावर एकूण एवढे किलो’ अशी नुसती बेरजेची अट का पुरत नाही, ते एका एलईडी वॉलवरून पाहू. वीस बाय दहा फुटांची वॉल म्हणजे १८.६ चौरस मीटर. चौरस मीटरला ३५ किलो धरले तर ६५० किलो. ट्रस (टांगायची जाळीदार तुळई), पट्टे, केबल मिळून आणखी १५०. एकूण ८००. तीन बिंदूंवर टांगली, बिंदूची मर्यादा ५०० किलो. साउंडवाला म्हणतो ८०० भागिले तीन, म्हणजे २६७, निम्म्याच्या आसपासच भागतंय. पण अखंड ट्रस सारख्या अंतरावरच्या तीन बिंदूंवर टांगला की मधला बिंदू एकूण भाराचा ६२.५ टक्के घेतो, म्हणजे ५०० किलो. मर्यादा तिथेच गाठली. मोटर सुरू होताना आणि थांबताना बसणारा झटका २५ टक्के धरला तर ६२५. मधली साखळी बोटभर जास्त ओढली गेली तर आकडा आणखी चढतो. म्हणून अट प्रत्येक बिंदूची हवी, आणि तिघांपैकी किमान मधल्या बिंदूवर लोड सेल किंवा क्रेन स्केल (टांगलेलं वजन मोजणारी उपकरणं) लावून वाचन दाखवायची सक्ती हवी.

दोन पट्ट्यांनी एक वस्तू उचलताना कोनही पाहा. पट्टे आडव्या रेषेशी ६० अंशात असतील तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. छत ठेंगणं म्हणून पट्टे ताणून ३० अंशांवर आणले की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजन. ‘४५ अंशांपेक्षा कमी कोन नको’ एवढं एक वाक्य करारात पुरतं.

स्लॅबला टांगायचं असेल तर आधी स्लॅब कोणत्या जातीचा आहे ते विचारा. खांब नसलेले मोठे बँक्वेट हॉल अनेकदा पोस्ट-टेन्शन स्लॅबचे असतात. त्यात ताणून बसवलेल्या केबली असतात आणि ड्रिलच्या एका भोकाने केबल तुटू शकते. मग दुरुस्तीचा खर्च हॉलच्या भाड्याच्या कैक पट. अशा इमारतीत ‘स्कॅनिंग आणि लेखी परवानगीशिवाय छतात एकही भोक नाही, २५ मिलिमीटर खोलीचंसुद्धा नाही’ अशी सरळ बंदी घाला. डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक वस्तूला मुख्य आधाराशिवाय वेगळी वायर रोप हवी, आणि ती ढिली लोंबती ठेवायची नाही. वस्तू फूटभर पडून मग अडली तर झटक्यानेच रोप तुटते.

चौथी पायरी: ढोल आणि ताल

नाशिक ढोल वरच्या मजल्यावर नेऊ द्यायचा की नाही, हा प्रश्न आवाजाचा नाही. मिनिटाला १२० ते १५० ठोके म्हणजे सेकंदाला दोन ते अडीच. शे-दीडशे माणसं त्या तालावर एकदम उडी मारतात तेव्हा स्लॅबला सेकंदाला दोन-अडीच धक्के बसतात आणि त्यांच्या दुप्पट गतीचे उपधक्केही. चाळीस फुटांहून लांब गाळ्याच्या बिनखांबी स्लॅबची स्वतःची कंपनगती सेकंदाला चार-पाचच्या घरात असू शकते. दोन्ही जुळलं की हलणं प्रत्येक उडीला वाढत जातं. माणसांचं वजन मर्यादेच्या निम्मंही नसतं, तरी मजला झुलतो. म्हणून ५०० किलोची अट इथे कामाची नाही. ढोलपथक, लेझीम आणि नाचायचा डीजे फक्त जमिनीवर टेकलेल्या फरशीवर. वरच्या मजल्यावर हवा असेल तर इंजिनिअरने स्लॅबची कंपनगती मोजून दिल्यावरच. थांबवायची खूणही अटीत लिहून ठेवा: झुंबर डोलू लागलं, फॉल्स सीलिंगमधून धूळ गळली किंवा टेबलावरच्या ग्लासातलं पाणी तालावर थरथरू लागलं की लगेच वाद्य बंद, चर्चा नंतर. वाद्य थांबलं की हलणंही काही क्षणांत थांबतं. माणसांना बाहेर काढण्यापेक्षा ते सोपं आहे.

पाचवी पायरी: लॉनवर माती आणि वारा

गंगापूर रोड, तपोवन, आडगावच्या बाजूच्या अनेक लॉन्सखाली काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाऊस पडला की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. मे महिन्यात ठोकलेला तीन फुटी खुंटा कोरड्या मातीत घट्ट बसतो आणि वळवाच्या एका सरीनंतर हाताने हलतो. खुंट्याची ताकद कोरड्यात मोजून उपयोग नाही. करारात ओढ-चाचणी लिहा: आजूबाजूची माती भिजवून, चेन ब्लॉक आणि क्रेन स्केलने किमान तीन खुंटे डिझाइनच्या दीडपट ताणायचे, वाचनाचा फोटो ठेवायचा. खुंटे ठोकण्याआधी मालकाने केबल, ठिबक-स्प्रिंकलरच्या नळ्या आणि ड्रेनेजचा नकाशा द्यायचा. तो दिला नसेल तर फुटलेल्या नळीची भरपाई मागायची नाही, हेही त्याच अटीत.

वाऱ्याचा हिशेब वेगाच्या वर्गाने चढतो. ताशी ४० किलोमीटरला चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा दाब येतो, ६० ला सतरा, ८० ला तीस. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४०. पक्की इमारत त्यासाठी उभारतात. दोन दिवसांचा मांडव तेवढा मजबूत करणं परवडत नाही, म्हणून कमी वेगाला मोकळा करायचा, हा सौदा असतो. सौदा आहे तर तो लिहिलेला हवा.

तीस बाय बारा फुटांचा फ्लेक्सचा बॅकड्रॉप घ्या, साडेतेहतीस चौरस मीटर. ताशी ४० च्या वाऱ्यात आकाराचा गुणक धरून सव्वातीनशे किलोचा रेटा येतो, तोही सहा फुटांवर. मागचे तिरके टेकू दीड मीटर लांब टेकलेले असतील तर उलटू नये म्हणून, दीडपट सुरक्षितता धरून, ६०० किलो लागतात: २०० लिटरची तीन भरलेली पिंपं. आता मांडववाल्यांची नेहमीची चूक. ही तिन्ही पिंपं ते मागच्या टेकूवर ठेवतात. मागून वारा आला तर ती उपयोगी पडतात. समोरून आला तर बॅकड्रॉप मागच्या टोकावरच वळतो आणि त्या टोकावरच्या वजनाचा उपयोग शून्य. तीन मागे, तीन पुढच्या पायांवर. ओल्या गवतावर घर्षण जवळपास निम्म्यावर येतं, त्यामुळे उलटला नाही तरी सरकू शकतो. म्हणून पिंपांखेरीज खुंटेही हवेतच.

करारात वाऱ्याच्या तीन पायऱ्या लिहा. आकडे स्ट्रक्चर बनवणाऱ्याच्या डिझाइनमधून यायला हवेत, नमुना असा:

‘झोताचा वेग ताशी ३० कि.मी. झाल्यास स्टेजवर चढणे-उतरणे मर्यादित करून बाजूचे पडदे सोडण्याची तयारी केली जाईल. ४० कि.मी. झाल्यास फ्लेक्स व पडदे उतरवले जातील व टांगलेले साहित्य खाली आणले जाईल. ५० कि.मी. झाल्यास मांडव पूर्ण रिकामा केला जाईल. वेग स्ट्रक्चरच्या माथ्यावर बसवलेल्या वेगमापकाने मोजला जाईल.’

झोताचा वेग असं लिहायचं, सरासरी नाही. मोबाइलवरचा अंदाज पुरावा म्हणून चालणार नाही, हेही नमूद करा. वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा पाच-दहा मिनिटांत तिन्ही पायऱ्या पार करतो, त्यामुळे फ्लेक्स दोरी ओढताच सुटेल अशा गाठीने बांधलेला हवा. नटबोल्टने आवळलेल्या फ्लेक्सला ४० ची अट लावण्यात अर्थ नाही. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जागेच्या प्रतिनिधीच्या फोनमध्ये असू द्या.

गोदाकाठच्या जागांना पावसाळ्यात एक अट जास्तीची. ‘पूर आल्यास’ असं मोघम लिहू नका. पाणी दुतोंड्या मारुतीच्या (गोदाघाटावरची मूर्ती, नाशिककरांची पुराची खूण) कमरेपर्यंत आलं की गाव सावध होतं, पण तोवर तुमचा जनरेटर पाण्यात असतो. गंगापूर धरणातून जाहीर होणाऱ्या विसर्गाचा आकडा धरा: आपल्या जागेवर पाणी किती क्युसेकला चढतं ते मागच्या पावसाळ्यांतल्या नोंदींवरून मालकाला माहीत असतं. त्याच्या निम्म्या विसर्गाला सामान हलवायचं, असं लिहून टाका.

वीज आणि माणसं

विजेचं थोडक्यात. ६३ अँपिअरचं थ्री-फेज कनेक्शन म्हणजे ४५ केव्हीए. सलग चालवायला त्यातले ८० टक्के, ३६ धरा. एसी त्यातच चालतो की वेगळ्या मीटरवर, ते स्पष्ट लिहा. नाहीतर लाइटवाल्याला ३६ दिले असं वाटतं आणि त्यातले वीस एसीच खातो. एलईडी दिव्यांमुळे न्यूट्रल तापतो, तेव्हा न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक चालणार नाही. पाहुण्यांच्या हाताला लागेल अशा प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारं उपकरण). जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडायचा नाही. उलट गेलेला करंट महावितरणच्या खांबावरच्या माणसाला मारतो.

क्षमतेचा आकडा मांडणीप्रमाणे वेगळा लिहा. ढोबळमानाने खुर्च्यांच्या मांडणीला माणशी ०.६ चौरस मीटर आणि जेवणाच्या मांडणीला १.५ धरतात. सहा हजार चौरस फुटांच्या हॉलमध्ये म्हणजे खुर्च्यांना सव्वानऊशे, जेवणाला पावणेचारशेच्या आत, तेही स्टेज आणि बुफेची जागा न वजा करता. जाहिरातीतले ‘१००० पाहुणे’ करारात आले तर तो आकडा मालकाच्या गळ्यात पडतो. अग्निशमन व्यवस्थेचं जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र ताजं आहे का, ते यजमानाने मागून बघावं. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यात ते बंधनकारक आहे.

सहावी पायरी: अट पाळली जाईल अशी वेळ आणि माणूस

तारखा घाला. समारंभाच्या ३० दिवस आधी मालकाने नकाशा आणि मर्यादांचं परिशिष्ट द्यायचं. १५ दिवस आधी यजमानाने डेकोरेटर, साउंड, लाइट, केटरर यांच्या सामानाची वजनं, मापं आणि मांडणी द्यायची. ७ दिवस आधी मालकाने लेखी होकार किंवा बदल कळवायचा; कळवलं नाही तर होकार नाही, असंच धरायचं. नंतरचे बदल फक्त लेखी, व्हॉट्सॲपवर चालेल, पण करारात दिलेल्या दोनच नंबरांवर. हॉलवर फिरणाऱ्या मॅनेजरने तोंडी ‘चालतंय हो’ म्हटलं तर ते कुणालाच बांधील नाही, हे वाक्य जरूर घाला. ऐन गडबडीत तेच वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

यजमानाने हीच परिशिष्टं प्रत्येक पुरवठादाराच्या ऑर्डरला जोडून सही घ्यायची. नाहीतर दंड यजमान भरतो आणि साउंडवाला ‘मला कुणी सांगितलं नव्हतं’ म्हणून मोकळा.

थांबवायचा अधिकार दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाला, नाव आणि फोनसह. दोघांपैकी कुणीही एक थांबवू शकतो; पुन्हा सुरू करायला मात्र दोघांची सही. सद्भावनेने थांबवल्याबद्दल त्या माणसाकडे नुकसानभरपाई मागता येणार नाही, ही ओळ नसेल तर पाचशे पाहुण्यांसमोर कुणीही थांबवायला धजत नाही.

कायद्याच्या बाजूने

‘कोणत्याही अपघातास मालक जबाबदार नाही’ या ओळीवर विसंबू नका. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं आणि दोन माणसांनी आपसात केलेल्या कराराने ते टळत नाही. दंडाची रक्कम लिहिताना भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ आठवा: लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, न्यायालय त्यातून वाजवी तेवढीच भरपाई देतं. ‘एक भोक, पाच लाख’ असं लिहिण्यापेक्षा भोकामागे स्कॅनिंग, दुरुस्ती आणि इंजिनिअरची फी असं फोडून लिहिलेलं टिकतं. भरपाईची हमी, म्हणजे कलम १२४ मधली, दोन्ही बाजूंनी असावी: मर्यादा ओलांडली तर यजमानाची, मर्यादेचा आकडाच चुकीचा दिला तर मालकाची. विमा घेतला असेल तर या मर्यादा विमा कंपनीला आधी कळवा. अट मोडून झालेल्या नुकसानीचा दावा सहसा तिथेच अडकतो. करार मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असेल तर फरक पडल्यास कोणता ग्राह्य, ते लिहा, आणि दोन्हीत मापं एकच ठेवा. एकात फूट आणि दुसऱ्यात मीटर असं झालं की तीनपट चूक एका सहीत होते.

शेवटची अट सामान काढण्याची, आणि बहुतेक करारांत तीच नसते. रात्री दीड वाजता हेल्परना घाई असते, टेम्पो लावलेला असतो. पिंपं जड, रिकामी व्हायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी त्यांचाच नळ सोडतात. फ्लेक्स अजून वर, वजन गेलेलं, खाली माणसं. क्रम करारात लिहा: आधी फ्लेक्स, मग टांगलेलं सामान, मग ट्रस, आणि पिंपांचा नळ सर्वांत शेवटी. जागेचा प्रतिनिधी तो नळ सुटेपर्यंत जागेवर हजर राहील.